पाचव्या चाकाची कुळकथा

जुलै २०२० मध्ये, देश लॉकडाउनमधून अर्धामुर्धा बाहेर येत असताना, केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मोटार वाहन नियमांत एक दुरुस्ती केली. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर असतील, सोबत पंक्चर काढायचं किट असेल आणि टायरमधल्या हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा बसवलेली असेल, तर कंपनीने स्टेपनी दिली नाही तरी चालेल. कारणही सांगितलं होतं. जागा वाचेल आणि विजेच्या गाडीत मोठी बॅटरी मावेल. त्या दिवसांत बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत सगळ्याच गाड्या सोसायटीच्या आवारात धूळ खात उभ्या होत्या. स्टेपनीचं काय झालं, याची चौकशी करायला कोणाला वेळ नव्हता.

खरं तर शंभराहून अधिक वर्षं मोटारीला चिकटून राहिलेल्या एका वस्तूच्या हातात तेव्हा नारळ देण्यात आला. तिच्या जागी आलेला सेन्सर जेमतेम तीस-चाळीस ग्रॅमचा. एकीचं कूळ वेल्समधल्या एका गावातल्या लोखंडी सामानाच्या दुकानात सापडतं, दुसऱ्याचं अमेरिकेतल्या उलटलेल्या गाड्यांत. दोघांची गाठ पडली ती आपल्या डिकीत, आणि बिल आलं आपल्या नावावर. म्हणून ही कुळकथा.

हवेचं चाक दोनदा जन्माला आलं. रॉबर्ट थॉमसन नावाच्या तरुण स्कॉटिश इंजिनिअरने १८४५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, पण तेव्हा ना मोटार होती ना चांगली सायकल. कल्पना बासनात गेली. पुढे बेलफास्टमधल्या जॉन डनलॉप या गुरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेची नळी बांधली आणि १८८८ मध्ये नव्याने पेटंट काढलं. थॉमसनचं जुनं पेटंट उजेडात आल्यावर डनलॉपचं रद्द झालं. नाव मात्र डनलॉपचंच राहिलं. १८९३ मध्ये न्यूयॉर्कच्या ऑगस्ट श्रेडरने वॉल्व्हचं पेटंट घेतलं. आज पेट्रोल पंपावर पोरगा ज्या पितळी नळीत हवेचा पाइप खुपसतो, ती हीच. सव्वाशे वर्षांत गाडीतलं जवळजवळ सगळं बदललं, ही पिन आणि तिच्यावरचं टोपण तेवढं तसंच आहे.

हवेचं चाक आलं तसं पंक्चर आलं. त्या काळच्या मोटारीची लाकडी आऱ्यांची चाकं आजच्यासारखी चार नट सोडवून काढता येत नसत. पंक्चर झालं की चाक गाडीवर ठेवूनच टायर टॉमीने उपसायचा, ट्यूब काढायची, चिकटवायची, परत कोंबायची आणि हातपंपाने हवा भरायची. पाऊस असो, रात्र असो. रस्ता घोड्यांच्या नालांच्या खिळ्यांनी भरलेला. आंद्रे मिशेलिनने १८९५ च्या पॅरिस-बोर्दो शर्यतीत हवेचे टायर लावलेली मोटार उतरवली, तेव्हा वाटेत पंक्चरमागून पंक्चर होत गेली.

यावर उपाय काढला वेल्समधल्या लानेली या गावातल्या टॉमस मॉरिस डेव्हिस आणि वॉल्टर डेव्हिस या भावांनी. लोखंडी सामानाचा धंदा करणारी ही माणसं. १९०४ च्या सुमारास त्यांनी आऱ्या नसलेली एक रिम बनवली, तिच्यावर हवा भरलेला टायर चढवलेलाच. पंक्चर झालं की ही रिम बसलेल्या चाकाच्या बाहेरच्या बाजूला शिकंज्यांनी आवळायची आणि गाडी पुढे हाकायची. म्हणजे मूळची स्टेपनी चाक बदलत नव्हती. पांगळ्या चाकाला ती काखेत कुबडी द्यायची. भावांचं दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होतं. त्या भागातल्या जुन्या जमीनदार घराण्याच्या नावावरून रस्त्याचं नाव पडलेलं. कंपनीने तेच घेतलं आणि ‘स्टेपनी स्पेअर व्हील’ साम्राज्यभर विकलं.

पुढे नट सोडवून अख्खं चाक काढता येईल अशी चाकं आली आणि डेव्हिस बंधूंच्या रिमची गरज संपली. इंग्लंडमध्ये शब्दही गेला. आज लंडनच्या गॅरेजमध्ये ‘स्टेपनी’ मागितलीत तर पूर्व लंडनमधल्या त्या नावाच्या वस्तीचा पत्ता सांगतील. पण भारतात तो टिकला, माल्टात टिकला, ब्राझीलमध्ये ‘इस्तेपी’ होऊन टिकला. आपल्याकडे तर तो रिक्षाला लागला, टेम्पोला लागला, ट्रकला लागला, आणि लोकांनी माणसांनाही लावला. मुख्य उमेदवाराचा अर्ज बाद झाला तर असू दे म्हणून ज्याचा अर्ज भरून ठेवतात तोही स्टेपनीच.

मुंबईत मोटारी आल्या १८९८ मध्ये. पहिल्या मालकांत जमशेटजी टाटा होते. तेव्हा टायर बोटीने यायचे. भारतात टायर बनू लागले त्यात आधीचं नाव डनलॉपच्या हुगळीकाठच्या साहागंजच्या कारखान्याचं. मुंबईत शिवडीला फायरस्टोनचा कारखाना होता. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये जपानने मलाया घेतल्यावर जगभर रबराची टंचाई झाली आणि टायर ही जपून वापरायची चीज झाली. आपल्याकडची टायर ‘रिमोल्ड’ करून पुन्हा चालवायची सवय टंचाईच्या पिढ्यांनी अंगी बाणवली. एसटी महामंडळाची तर टायर पुनःस्तरणाची स्वतःची केंद्रं आहेत.

उपनगरांच्या वाट्याला टायरचा कारखाना आला तो १९५८ नंतर, भांडुपला. सिएट हे नाव ऐकून पुष्कळांना ते एखाद्या पारशी शेठजींच्या आद्याक्षरांचं वाटतं. ते इटलीतल्या तुरीन शहराचं आहे: ‘काव्ही एलेत्रिची ए आफीनी तोरिनो’, म्हणजे विजेच्या तारा आणि तत्सम माल, तुरीन. तारांची कंपनी टायरकडे वळली आणि टाटांच्या साथीने भांडुपला उतरली. १९८२ मध्ये ती गोयंकांच्या आरपीजी समूहाकडे गेली. भांडुप-नाहूरच्या बाजूला आजही ‘सिएट टायर रोड’ असं पत्त्यावर लिहितात. एलबीएस मार्गाने थोडं दक्षिणेला गेलं की कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या या कारखान्यात फियाट आणि पुढे पद्मिनी बनायची. म्हणजे एकेकाळी एकाच रस्त्यावर, काही किलोमीटरच्या अंतरात, गाडीही बनत होती आणि तिचे टायरही. उपनगरांतल्या आताच्या मॉल आणि टॉवरच्या रांगांत हे खरं वाटत नाही.

त्या फियाटचा टायर ५.२०-१४ मापाचा. आडव्या-तिडव्या धाग्यांचा, आत ट्यूब असलेला. हे पंक्चर काढणं पाहिलं नाही असा पन्नाशीचा मुंबईकर नसेल. जॅक, पाना, चाक खाली. दोन टॉम्यांनी टायरची कड रिमबाहेर ओढायची, ट्यूब काढून तिच्यात थोडी हवा भरायची आणि गंज चढलेल्या घमेल्यातल्या काळ्या पाण्यात एकेक वीत बुडवत न्यायची. बुडबुडे आले की तिथे कॉपिंग पेन्सिलीची खूण. मग कानशीने ट्यूब खरवडायची, सोल्यूशन लावायचं, फुंकर घालून वाळवायचं, पॅच ठोकायचा. परत चढवण्याआधी टायरच्या आतून हात फिरवून खिळा शोधायचा. हे विसरलं की तासाभरात गिऱ्हाईक परत. टॅक्सीवाल्याला एवढा वेळ नसे, त्यामुळे त्याची स्टेपनी कायम तयार. ती नसली तर दिवसाचा धंदा बुडाला. मुंबईच्या रस्त्यावरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे गेली ३० ऑक्टोबर २०२३ ला, तोवर हे पाचवं चाक तिच्यासोबत होतं.

आणि हवा किती आहे ते कळायचं कसं? ट्रकचा क्लीनर थांब्यावर उतरून हातोडीने एकेक टायर ठोकत जायचा. भरलेला टायर टणक वाजतो, मऊ टायरचा आवाज बसका येतो. मागच्या जोडचाकांत आतला टायर बसला तर बाहेरून दिसत नाही, पण आवाज लपत नाही. मोटारवाले लाथ मारून बघायचे. लाथेतून काही कळत नसे, पण मारल्याशिवाय चैनही पडत नसे. मीटर लावून बघायचं ते पेट्रोल पंपावर किंवा पंक्चरवाल्याकडे, आणि तेही आठवेल तेव्हा.

आठवण्यासारखं त्यात होतं मात्र बरंच. गाडी रबरावर उभी नसते, हवेवर उभी असते. बाराशे किलोची गाडी धरली तर एका चाकावर तीनशे किलो. ३३ पीएसआय हवा असेल तर टायरची रस्त्याला टेकलेली जागा साधारण हाताच्या पंजाएवढी. असे चार पंजे, त्यावर घरचे पाच जण आणि ताशी शंभरचा वेग. हवा कमी झाली की ही जागा पसरते, टायरच्या बाजूच्या भिंती प्रत्येक फेऱ्यात दुमडतात, आतून तापतात. महामार्गावर टायर ‘अचानक’ फुटतो असं म्हणतात. त्याची तयारी बहुतेक वेळा काही दिवस आधीपासून चाललेली असते.

सेन्सरचं कूळ इथून सुरू होतं. १९८६ च्या पोर्शे ९५९ या गाडीच्या चाकांत हवेचा दाब पाहणारी यंत्रणा होती. त्या गाडीचे टायर रन-फ्लॅट जातीचे, हवा गेली तरी काही अंतर धावणारे. अशा टायरची हवा गेली हे चालवणाऱ्याला जाणवत नाही, मग कोणीतरी सांगायला हवं. स्टेपनी नको, तर पहारेकरी हवा, हे नातं तिथेच जमलं. पुढे फ्रेंच कंपन्यांनी २००० च्या आसपास ही यंत्रणा थोड्या आवाक्यातल्या गाड्यांत आणली. तरी ती चैनच राहिली असती, जर अमेरिकेत फायरस्टोनचं प्रकरण झालं नसतं.

ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. यातले पुष्कळ फोर्डच्या एक्स्प्लोरर या उंच गाडीला लावलेले होते. टायरची वरची पट्टी सुटून यायची आणि गाडी उलटायची. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा खात्याने या टायरांशी जोडलेल्या मृत्यूंचा आकडा पुढे २७१ पर्यंत नेला. दोन्ही कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवत होत्या. त्यातला एक मुद्दा हवेचा. फोर्डने गाडीसाठी २६ पीएसआय सांगितले होते, टायर कंपनीचं म्हणणं ३० हवेत. एरवी चार पीएसआयला आपण विचारतोही कुठे? जवळपास शतकभराचं दोघांचं नातं २००१ मध्ये तुटलं.

अमेरिकन संसदेने घाईघाईने कायदा केला. नोव्हेंबर २००० मध्ये त्यावर अध्यक्ष क्लिंटन यांची सही झाली. टायरची हवा धोकादायक कमी झाली तर गाडीने चालकाला सांगितलं पाहिजे, असं त्यात होतं. कसं सांगायचं, यावर पाच वर्षं गेली. कंपन्यांना स्वस्तातला मार्ग हवा होता, सरकारने आधी तो मान्यही केला. ग्राहकांच्या संघटनेने कोर्टात धाव घेतली आणि २००३ मध्ये कोर्टाने तो नियम रद्द केला: एखाद्याच टायरची घट ओळखणारी यंत्रणा कायद्याला पुरेशी नाही. २००५ मध्ये नवा नियम आला. चारपैकी कोणत्याही टायरची हवा सांगितलेल्या दाबाच्या पाव हिश्श्याने कमी झाली तर दिवा लागलाच पाहिजे. युरोपनेही २०१२ पासून नव्या मॉडेलना ही सक्ती लावली. आपल्याकडे सक्ती नाही. सेन्सर दिलात तर स्टेपनी माफ, असा सौदा आहे. अमेरिकेत ज्या गोष्टीची सुरुवात जीव वाचवायला झाली, ती इथे डिकीची जागा वाचवायच्या नियमात येऊन बसली. मला यात गैर दिसतं ते एवढंच.

स्वस्तातला मार्ग म्हणजे काय, हेही पाहू. एबीएस ब्रेकसाठी प्रत्येक चाकाचा वेग मोजला जातोच. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं आणि बाकीच्यांपेक्षा किंचित जास्त फिरतं. संगणकाने हा फरक पकडायचा. चाकात वेगळा सेन्सर नाही, बॅटरी नाही, टायर बदलताना तुटायला काही नाही. टाटाच्या काही गाड्यांवर ‘आयटीपीएमएस’ लिहिलेलं असतं ते हेच. अडचण अशी की चारही चाकांची हवा महिनाभरात सारखी उतरली, तर तुलना करायची कोणाशी? हवा भरल्यावर बटण दाबून त्याला ‘आता हे बरोबर धर’ असं शिकवावं लागतं. पंपावर घाईत हे बटण दाबणारे किती असतील, हा प्रश्न आपला आपल्याला विचारून पाहा.

दुसरी जात महागडी. वॉल्व्हच्या बुडाशी, टायरच्या आत, सेन्सर बसलेला. त्यात दाब आणि तापमान मोजणारी चिप, एक बटण बॅटरी आणि रेडिओ. चाक फिरू लागलं की तो जागा होतो आणि ठरावीक वेळाने आकडा पाठवतो. समोरच्या पडद्यावर चार चाकं, चार आकडे. बॅटरी राळ ओतून बंद केलेली असते, बदलता येत नाही. साधारण पाच ते दहा वर्षांनी ती संपली की अख्खा सेन्सर नवा.

हे आकडे दिसू लागल्यापासून उपनगरांत एक नवा रोग आला आहे. सकाळी ३३ होते, ठाण्याच्या टोलनाक्यापर्यंत ३६ कसे झाले? मग खोपोलीच्या आधी गाडी थांबवून हवा सोडणारे महाभाग आहेत. चाक धावलं की आतली हवा तापते. दहा अंश सेल्सिअसला दीडेक पीएसआय चढतो, तो चढायलाच हवा. कंपनीने दारावरच्या स्टिकरवर लिहिलेला आकडा थंड टायरचा असतो, रात्रभर उभ्या गाडीचा. तापलेल्या टायरची हवा सोडलीत तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती कमी भरणार. नायट्रोजनने हे सगळं टळतं असं दुकानदार सांगतो आणि चाकामागे जादा पैसे घेतो. पंपावर फुकट मिळणाऱ्या साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. दुकानदार विकतो ते उरलेले बावीस टक्के.

आता खर्च. एलबीएस मार्गावरच्या किंवा अंधेरी-कुर्ला रस्त्यावरच्या कोणत्याही टायरच्या दुकानात उभं राहा. गाडी जॅकवर चढली की पोरगा पहिला प्रश्न विचारतो, “साब, सेन्सरवाला है क्या?” हा प्रश्न न विचारणाऱ्या दुकानात चाक देऊ नका. कारण पुढे काय होतं ते असं. चाक आडवं करून मशीनच्या पात्याने टायरची कड रिमपासून फोडतात. ते पातं वॉल्व्हच्या जवळ आलं तर आतला सेन्सर तिथेच कडकन जातो. जाणता कारागीर वॉल्व्ह कुठे आहे ते आधी पाहतो, चाक फिरवून तो पात्यापासून लांब नेतो आणि मग पॅडल दाबतो. टायर निघाल्यावर सेन्सरची रबरी वॉशर आणि पिन बदलतो. एवढं सगळं अर्ध्या मिनिटाचं काम, पण न केल्यास चाकामागे सेन्सरचे दोन ते चार हजार रुपये.

टायरची किंमत आकाराबरोबर चढते. लहान हॅचबॅकचा टायर चार हजारांच्या आगेमागे मिळतो, सतरा इंची एसयूव्हीला त्याच्या दुपटीहून जास्त. गेल्या दहा वर्षांत लोकांनी गाड्या उंच घेतल्या, कंपन्यांनी देखण्या मोठ्या रिम दिल्या, आणि चार टायर बदलायचं बिल दुरुस्तीच्या रकान्यातून हप्त्याच्या रकान्यात गेलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. कर सोडून पाच हजारांचा टायर आधी ६,४०० ला पडायचा, तो आता ५,९०० ला पडतो. चार टायरमागे दोन हजार वाचले. त्यातले काही अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि ‘साब, नवा वॉल्व्ह’ यांत परत जातातच.

बिलावर सही करण्याआधी खाली वाकून टायरची बाजू वाचा. ‘डीओटी’ या अक्षरांमागच्या लांबलचक ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. दोन वर्षं गोदामात पडलेला टायर ताज्या भावात घेऊ नका. आयएसआयची खूण आणि ‘आयएस १५६३३’ हेही दिसलं पाहिजे. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की खाच १.६ मिलिमीटर उरली, कायद्याने टायर संपला. मुंबईत मात्र बहुतेक घरगुती गाड्यांचे टायर झिजून मरत नाहीत. वर्षाला सहा-सात हजार किलोमीटर चालणारी गाडी. खाचा अजून खोल दिसतात, पण पाच-सहा वर्षांच्या उन्हापावसात रबर कडक होऊन बाजूला बारीक भेगा पडलेल्या असतात. ‘अजून नवा आहे’ असं म्हणून माणूस तोच टायर घेऊन समृद्धी महामार्गावर ताशी १२० ने निघतो. २०२३ मध्ये परिवहन विभागाने समृद्धीच्या प्रवेशावर टायर तपासून घासलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली, तेव्हा परत फिरणाऱ्यांचा संताप पाहण्यासारखा होता.

काढलेला जुना टायर दुकानदार दोन-तीनशे रुपये वळते करून ठेवून घेतो. तो पुढे कुठे जातो, हे विचारायची पद्धत नाही. काही रिमोल्ड होतात. काहींच्या गुळगुळीत पाठीवर पात्याने नव्या खाचा कोरून ते पुन्हा विकले जातात. हा शुद्ध जीवघेणा धंदा आहे, स्वस्त जुना टायर घेणाऱ्याने खाचेच्या तळाशी धागे दिसतात का ते पाहावं. काही टायर वेसावे आणि मढच्या होड्यांच्या अंगाला लटकतात, धक्क्याचा मार खायला. २०२२ पासून जुन्या टायरच्या विल्हेवाटीची जबाबदारी कायद्याने उत्पादकांवर टाकली आहे.

मग सेन्सर आला, स्टेपनी गेली तर बिघडलं कुठे? खिळा लागून हळूहळू हवा जात असेल तर सेन्सरसारखा सोबती नाही. चाक बसायच्या आधी तो सांगतो, तुम्ही पंक्चरवाल्यापर्यंत गाडी नेता, तो जागच्या जागी स्ट्रिप मारून शे-दीडशे रुपयांत सोडतो. ट्यूबलेस टायरमध्ये दहातली बहुतेक पंक्चरं अशीच. इथे मंत्रालयाचं गणित बरोबर आहे.

पण आपल्या उपनगरांत टायर मरतो तो वेगळ्याच कारणाने. पावसाळ्यात पेव्हर ब्लॉक उखडतात, खड्ड्याची कड विटेसारखी धारदार होते, वर पाणी साचलेलं. चाक त्यात आदळलं की रिम आणि खड्ड्याची कड यांच्यात टायरची बाजू चिमटली जाते. आतले धागे तुटतात, वरचं रबर शाबूत राहतं. दोन दिवसांनी बाजूवर लिंबाएवढा फुगा दिसतो. त्या वेळी हवा पूर्ण असते, पडद्यावर चारही आकडे हिरवे. सेन्सरला फुगा दिसत नाही. बाजू सरळ कापली गेली तर किटमधला फेसाळ रस त्या चिरेतून बाहेर सांडतो, काही सेन्सरचं तोंडही बुजवतो. फुगा असो वा चीर, बाजू दुरुस्त होत नाही. रात्री अकरा वाजता घोडबंदरच्या रस्त्यावर अशी वेळ आली तर कामाला येणारी वस्तू एकच, आणि ती नियमाने ऐच्छिक झाली आहे.

जिथे स्टेपनी दिली जाते तिथेही ती बारीक होत चालली आहे. टायर अरुंद, वर ‘ताशी ८० च्या पुढे नको’ असा स्टिकर. सीएनजीच्या गाडीत तर डिकीत साठ लिटरची टाकी, आणि तिच्या बाजूला अंग चोरून उभी असलेली स्टेपनी. सामान ठेवायचं तर एकीला खाली उतरवा. टाटाने २०२३ मध्ये अल्ट्रोझच्या सीएनजी मॉडेलात एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या तळाशी घातल्या आणि स्टेपनी गाडीच्या पोटाखाली नेली. आपल्या गिऱ्हाइकाला ती सोडवत नाही, हे त्या कंपनीला कळलेलं दिसतं.

माझं मत विचाराल तर दोन्ही हवेत. सेन्सर असलेली गाडी जरूर घ्या, पण शोरूममधला विक्रेता किट दाखवून ‘आता स्टेपनी लागत नाही’ म्हणाला तर ऐकून घेऊ नका. जादा पैसे देऊन मिळत असेल तर पूर्ण आकाराचं चाक मागून घ्या. आणि ते मिळालं की एक लक्षात ठेवा: सेन्सर रस्त्यावरच्या चार चाकांत असतात, डिकीतल्या चाकात बहुतेक गाड्यांत नसतो. स्टेपनीची हवा अजूनही कोणी सांगत नाही, आणि गरज पडते त्या रात्री ती बसलेली निघते. पुढच्या वेळी पंपावर चार चाकं झाल्यावर पोरगा पाइप गुंडाळू लागला की त्याला थांबवा, डिकी उघडा आणि पाचव्यातही भरून घ्या.